कळ दाबल्यानंतर

आमच्या वैद्यक संघटनेच्या मासिक सभेत व्याख्यान संपून चहाचे कप हातात आले की गप्पांची गाडी पूर्वी मुलांच्या प्रवेशपरीक्षांवर येऊन थांबत असे. ती मुले आता शिकून पुण्याला, बेंगळुरूला, काही तर साता समुद्रापार स्थिरावली आहेत आणि आमच्या गप्पा आमच्याच आईवडिलांवर येऊन ठेपल्या आहेत. कुणाचे वडील संकेश्वरच्या घरी एकटे, कुणाची आई खानापूरचे घर सोडायला तयार नाही, कुणाच्या सासूबाई टिळकवाडीतल्या बंगल्यात दिवसभर एकट्या, कारण मुलगा आणि सून दोघेही दवाखान्यात. मग एखादा हळूच विचारतो, "ते गळ्यात घालायचे बटण मिळते ना, पडले की दाबायचे, त्यातले कुठले चांगले?" या प्रश्नाला प्रत्येकाजवळ एक उत्तर असते आणि ते बहुधा एखाद्या कंपनीचे नाव असते. मला वाटते, प्रश्नच जरा उलट्या टोकाने विचारला जातो आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तेवढेच मांडावे, असा विचार आहे.

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्यावर लिहिणे म्हणजे सुताराने सोनारकामावर मत देण्यासारखे आहे, हे मी जाणते. परंतु माझा एक अधिकार मान्य व्हावा: माझे उभे आयुष्य यंत्रांचे भोंगे ऐकण्यात गेले आहे. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दिवसरात्र काही ना काही वाजतच असते. बाळाने पाय झाडला, ऑक्सिमीटरचा चिमटा निसटला, वाजले. सलाईनची बाटली संपत आली, वाजले. पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट मनावर पक्की कोरली गेली आहे. वाजणारे यंत्र बाळाला वाचवीत नाही. ते वाजल्यावर उठून जाणारी परिचारिका वाचविते. ती दुसऱ्या बाळाजवळ अडकली असेल, अथवा शंभरदा खोटे वाजल्यामुळे तिचा कान मेला असेल, तर जगातले सर्वांत महागडे यंत्रही नुसता गोंगाट करते.

आमच्याच शाखेतला एक इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचे गूढ पाश्चात्त्य देशांत फार मोठे होते. १९७२ साली अल्फ्रेड स्टाइनश्नायडर या अमेरिकन डॉक्टरांनी असे प्रतिपादन केले की, झोपेत श्वास मध्येच थांबणे हे या मृत्यूंचे मूळ असावे. झाले! श्वास थांबताच वाजणारी यंत्रे घरोघरी गेली. कित्येक आईबाप वर्षानुवर्षे त्या भोंग्याच्या धाकात झोपले, किंवा झोपलेच नाहीत. पुढे २००१ साली हजाराहून अधिक बाळांचा घरच्या घरी केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लक्षात आले की, पूर्ण निरोगी बाळांच्या श्वासातही यंत्राला वाजायला लावणारे खंड सर्रास पडतात. २००३ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट सांगितले की, अशा मृत्यूंना आळा घालण्यासाठी ही यंत्रे देऊ नयेत. दरम्यान खरा फरक पडला होता तो एका बिनपैशाच्या सल्ल्याने! बाळाला पालथे न झोपविता उताणे झोपवा, ही मोहीम तेथे १९९४ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्यावर आले. भीतीच्या पोटी यंत्र विकत घेणे आणि धोका कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां बालरोगतज्ज्ञांना इतके महागात शिकावे लागले.

याचा अर्थ वृद्धांसाठीची यंत्रे निरुपयोगी आहेत, असा मुळीच नव्हे. त्यांच्यामागची कल्पना साधी आणि योग्य आहे. १९७४ साली अमेरिकेत अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञाने 'लाइफलाइन' नावाची व्यवस्था उभी केली. अंगावर एक कळ, घरात टेलिफोनला जोडलेली पेटी आणि पलीकडे कोणीतरी ऐकणारा माणूस. गेल्या पन्नास वर्षांत तारा गेल्या, मोबाइलचे सिमकार्ड आले, घड्याळ स्वतःच पडणे ओळखू लागले. पण रचना हीच राहिली. कळ, निरोप आणि माणूस.

हिची गरज का, हे डॉक्टरांना सांगायला नको. परंतु ही स्मरणिका त्यांच्या घरीही वाचली जाते, म्हणून थोडे लिहिते. म्हातारपणी पडण्याने हाड मोडते हे सर्वांना ठाऊक असते. पडून राहण्याने काय होते, हे सहसा ठाऊक नसते. फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर पडलेल्या माणसाचे दबलेले स्नायू नासतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पाण्यावाचून शरीर सुकते, कंबरेला व टाचेला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पडल्यानंतर तासाभराहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांत दगावले होते, आणि त्यांतल्या अनेकांना मोठी दुखापत झालेलीही नव्हती. एवढा वेळ पडून राहावे लागणे हेच मुळी शरीर खचल्याचे लक्षण असते, हेही खरे. तरीही तो तास आपल्या हातात असतो.

आता याची दुसरी बाजू. केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा करून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतल्या पुष्कळांकडे अशी कळ होती. तरीही पडल्यावर दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती दाबलीच नव्हती! कोणी ती अंगावर घातलेली नव्हती, कोणाचा हात पोहोचला नाही, कोणाला वाटले की आपले आपण उठू, आणि कोणाला दुसऱ्याला त्रास देणे प्रशस्त वाटले नाही. हे वाचताना मला केंब्रिज दिसत नव्हते, निपाणीतले आमचे घर दिसत होते.

माझी आई निपाणीत राहते. वय चौऱ्याऐंशी. घर जुने: पुढे ओटा, दर दोन खोल्यांमध्ये उंबरठा, मागे परसदार आणि परसात न्हाणीघर. मी बेळगावात, म्हणजे पाऊण शतक किलोमीटरवर. भाऊ न्यू जर्सीत. तीन वर्षांपूर्वी ती पहाटे परसदारी शहाबादी फरशीवरच्या शेवाळावरून घसरली. मनगट मोडले. सुमारे दीड तासाने शेजारच्या अक्कांच्या लक्षात आले, कारण दाराबाहेरची दुधाची पिशवी सात वाजून गेले तरी तशीच होती. (ती दुधाची पिशवी हीच आमच्या घरची पहिली सूचनायंत्रणा, आणि अजूनही मी तिला सर्वांत विश्वसनीय मानते.) भावाने दुसऱ्याच आठवड्यात तिकडून गळ्यात घालायची कळ पाठविली. सुंदर वस्तू होती. फक्त ती तिकडच्या मोबाइल जाळ्यावर चालणारी, तिकडच्या केंद्राला फोन लावणारी आणि तिकडच्या रुग्णवाहिकेला बोलावणारी होती. परदेशस्थ मुलांना माझी विनंती आहे: प्रेम पाठवा, पैसे पाठवा, यंत्र येथेच घेऊ द्या.

येथे घेतलेली कळ आईने हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "हे लोढणं गळ्यात बांधून काय करू? मी काय पळून जाणारं गुरू आहे?" मी वैद्यकीय भाषण दिले. ते तिने शांतपणे ऐकले. "तुझ्या दवाखान्यातली पोरं बोलत नाहीत म्हणून तुला यंत्रं लागतात. मला तोंड आहे." शेवटी काम झाले ते भाषणाने नव्हे. मी तिला विचारले, "त्या पहाटे पडलीस तेव्हा दीड तास काय करत होतीस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हाका मारल्या. नळ चालू राहिला होता, त्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मग मनात म्हटलं, उगीच कशाला लोकांची झोपमोड." तिने हे आम्हांला तोवर सांगितले नव्हते. त्या दिवशी प्रथमच तिने अट घातली: गळ्यात घालणार नाही, मनगटावर घालीन, आणि स्नानाच्या वेळी काढीन.

ही शेवटची अट मान्य करू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. पडण्याची जागा मुळात न्हाणीघर. ओली फरशी, साबण, एका पायावर उभे राहून नेसणे, गरम पाण्याने उतरलेले रक्तदाब. जे यंत्र पाण्यात चालत नाही ते घेऊच नये, आणि जे पाण्यात चालते ते स्नानाला काढू नये. आमच्याकडे सोवळ्याचा प्रश्न निघाला. धातूचे चालते, प्लास्टिकचे चालत नाही, इथपर्यंत चर्चा झाली. अखेर न्हाणीघरात भिंतीवर वेगळी कळ बसवून तोडगा निघाला. तिच्याविषयी पुढे लिहिते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कळ दाबल्यानंतर कोण येणार? यंत्र निवडण्याआधी याचे उत्तर कागदावर लिहून काढावे, आणि ते लिहिता येत नसेल तर यंत्राचे पैसे वाचवावेत. पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत वर्गणी घेऊन चोवीस तास फोन ऐकणाऱ्या आणि गरज पडल्यास माणूस वा रुग्णवाहिका पाठविणाऱ्या सेवा आता आहेत. त्यांच्या आकर्षक पत्रकांत 'देशभर' असा शब्द असतो. त्यांना एकच प्रश्न विचारावा: निपाणीच्या आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता तुमचा कोण येईल? बहुधा उत्तर येते की, आम्ही १०८ ला फोन लावू आणि तुम्हांला कळवू. तेवढे शेजारच्या अक्काही करतात. शिवाय त्या घरात शिरून उशाशी बसतात.

आणि १०८ चेही आपल्या सीमाभागात एक प्रकरण आहे. कर्नाटकात ही सेवा नोव्हेंबर २००८ पासून, महाराष्ट्रात २०१४ पासून. दोन राज्ये, दोन स्वतंत्र यंत्रणा, दोन नियंत्रण कक्ष. बेळगाव शहरात याने काही बिघडत नाही. पण कोगनोळीच्या बाजूला, नदीकाठच्या वाड्यांवर, मोबाइल कोणत्या राज्याचा टॉवर पकडील याचा नेम नसतो, आणि फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षात गेला तर पत्ता समजावून पुन्हा अलीकडे जोडून घेण्यात मोलाची मिनिटे जातात. शिवाय भाषा. निपाणीच्या वृद्ध बाईचे कन्नड बाजारापुरते. वेदनेत, घाबरलेल्या आवाजात ते तेवढेही राहत नाही. यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पलीकडच्या माणसाची भाषा त्याच्या राज्याची असणारच. म्हणून पत्त्याच्या दोन ओळी, जवळची ठळक खूण आणि आजाराचे नाव कन्नड व मराठी दोन्हींत लिहून टेलिफोनजवळ आणि दाराच्या मागे चिकटवून ठेवाव्यात. आमच्या घरचा कन्नड मजकूर अक्कांच्या नातीने सुवाच्य अक्षरात लिहून दिला आहे. राज्याचे नाव, तालुका, गाव या क्रमाने सांगायला सुरुवात करावी. गल्लीपासून करू नये.

दुसरा निर्णय आधीच व्हायला हवा तो दिशेचा. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलगी बेळगावात डॉक्टर म्हणून आई बेळगावला, हा भावनेचा हिशेब झाला. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातले पहिले दोन तास बहुधा 'बघू या, थोड्या वेळाने बरे वाटेल' यात गेलेले असतात. म्हणून पक्षाघात वा हृदयविकाराची शंका असेल तर जेथे सी. टी. स्कॅन, तज्ज्ञ आणि औषध अहोरात्र मिळते असे जवळचे रुग्णालय; खुब्याचे हाड असेल तर थोडे दूर गेले तरी चालते, फक्त शस्त्रक्रिया शक्यतो एकदोन दिवसांत व्हावी. मी स्वतः दोन्ही बाजूंच्या रुग्णालयांत फोन करून रात्रीची व्यवस्था विचारून घेतली आणि दोन नावे लिहून ठेवली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत महामार्ग बंद पडला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यात एक बाजू बंद तर दुसरी, आणि दोन्ही बंद तर गावातले कोण, हेही ठरलेले असावे.

यादीतल्या नावांचा क्रम हा असाच भावनेच्या आहारी जातो. बहुतेक यंत्रे पाचेक क्रमांकांना एकामागून एक फोन लावतात. भावाने पाठविलेल्या यादीत पहिला क्रमांक त्याचा स्वतःचा होता! पहिल्या नावाने दहा मिनिटांत दाराशी उभे राहता आले पाहिजे. मग दुसरे तसेच. आपण, म्हणजे पोटची मुले, तिसरे आणि चौथे. आणि ज्याचे नाव घालायचे त्याला विचारून, चहा पाजून, कबूल करून घ्यावे. औषध दुकानाचा मालक, समोरचा टेलर, गल्लीतला दूधवाला, ही माणसे उपकारांच्या भावनेने नव्हे तर सहज तयार होतात. त्यांना दोनतीन गोष्टी मात्र शिकवाव्या लागतात. पडलेल्याला बखोटीला धरून उभे करू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर तो मुळीच हलवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार असेल, तर माणूस हसून बोलत असला तरी रुग्णालयात न्यावे.

आणि किल्ली. ही गोष्ट मी अधोरेखित करते. निरोप पोहोचला, शेजारी धावला आणि दाराला आतून कडी! जुन्या घरांच्या दणकट दारांची आतली कडी बाहेरच्या कोणत्याही किल्लीने निघत नाही. एका दाराला तरी दोन्ही बाजूंनी उघडणारे कुलूप बसवावे, त्याची एक किल्ली पहिल्या नावाकडे, एक दुसऱ्याकडे असावी, आणि रात्री फक्त तेच लावावे. न्हाणीघराची कडी काढूनच टाकावी. दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत त्यालाच टेकून पडला असेल, तर ते उघडता येत नाही. सुताराकडून ते बाहेर उघडणारे करून घेण्याला जो खर्च येतो, त्यापेक्षा जास्त उपयोगाचा खर्च मला या सबंध व्यवहारात दिसला नाही.

इतके झाले की यंत्र निवडणे फारसे अवघड राहत नाही. सिमकार्डाचे घेणार असाल तर ते कोणत्या जाळ्यावर चालते हे पाहावे. स्वस्त कळा अजूनही टू-जीवर चालणाऱ्या असतात आणि जिओचे जाळे फोर-जीपासूनच सुरू होते, तेथे त्या मुक्या राहतात. सिमकार्डाचा रिचार्ज संपला की यंत्रही संपते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती तारीख आपल्या फोनवर लावून ठेवावी. वायफायवरचे यंत्र वीज गेली की झोपते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज नेमकी कधी जाते हे सांगायला नको. रोज चार्ज करावे लागणारे यंत्र वृद्धांना देऊ नये. माझ्या एका बालरुग्णाचे आजोबा न्हाणीघरात पहाटेपासून दुपारपर्यंत पडून होते आणि त्यांचे महागडे घड्याळ माजघरात चार्जरवर आपले काम चोख करीत होते. त्यांना पुढे डायलिसिसची गरज पडली.

मनगटावरची कळ दाबायला दुसरा हात लागतो. पक्षाघाताची भीती असलेल्यांना गळ्यातली बरी, ती कोणत्याही हाताने दाबता येते. पडणे आपोआप ओळखणारी घड्याळे २०१८ नंतर सर्वत्र आली. ती जोराचे आपटणे ओळखतात. पलंगावरून हळूच सरकत खाली बसलेल्या आजीला ती पडलेले मानत नाहीत, आणि म्हातारी माणसे पुष्कळदा अशीच पडतात. विस्मरणाचा आजार असेल तर कळ दाबायची हेच आठवत नाही. तेथे घराबाहेर गेल्यास ठिकाण सांगणारे यंत्र उपयोगी, खरा उपाय मात्र सोबतीचे माणूस. कॅमेऱ्यांबद्दल मला फारसे प्रेम नाही. आमच्या एका मित्राच्या मुलाने पुण्याहून पाहता यावे म्हणून दिवाणखान्यात कॅमेरा बसविला. आजोबांनी पहिल्याच दिवशी त्यावर पंचा वाळत घातला. मला त्यांचे पटले.

साधा मोबाइलही विसरू नये. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून येथे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाची कळ असणे सक्तीचे आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला, अथवा बहुतेक स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण झटपट तीनदा दाबले, की फोन ११२ ला लागतो. काही फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असते, आपल्या फोनची पाहून घ्यावी. २०२१ पासून वृद्धांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांकही आहे. तो माहितीसाठी, निवृत्तिवेतन वा छळाच्या तक्रारीसाठी, मन मोकळे करण्यासाठी उत्तम. पडल्यावर लावायचा तो नव्हे.

न्हाणीघरातल्या कळीविषयी सांगायचे राहिले. ती म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारी बिनतारी दारघंटी! बटण पाण्यापासून सुरक्षित असलेले घेतले आणि भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर बसविले. उभ्या माणसाच्या उंचीवरचे बटण पडलेल्या माणसाच्या काय कामाचे? घंटा अक्कांच्या स्वयंपाकघरात. जुन्या जाड भिंतींतून आवाज पोहोचतो की नाही हे दोनतीन जागा बदलून पाहावे लागले. हिला सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही, वर्गणी नाही. घंटेत आणि बटणात सेल घालण्याची सोय आहे तेवढी पाहून घ्यावी.

आणि उताणे झोपविण्याच्या त्या बिनपैशाच्या सल्ल्याचे काय? तोही वृद्धांसाठी आहेच. औषधांची पिशवी एकदा टेबलावर ओतून पाहावी. झोपेची गोळी, रात्री घेतलेली रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी, यांतल्या दोन एकत्र आल्या की मध्यरात्री लघवीला उठलेला माणूस भोवळ येऊन पडतो. आपण दुसऱ्यांच्या आईवडिलांचे रक्तदाब उभे करून मोजतो, स्वतःच्या आईचा कधी मोजला? खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला बारा सेकंदांहून अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढला असे समजावे. घड्याळ आपल्या सर्वांच्या हातात असते. मोतीबिंदू, पायाची नखे, सैल चपला, उंबरठे, फरशीवरचे शेवाळ. आईच्या घरचे शेवाळ आता दर पंधरवड्याला घासले जाते आणि न्हाणीघरापर्यंत एक पकडायचा लोखंडी कठडा झाला आहे. कठडा तिला कळीपेक्षा पुष्कळ आवडला.

शेवटी तालीम. रुग्णालयात आपण आगीची तालीम घेतो, घरी का घेऊ नये? पहिल्या तालमीला रविवारची दुपार निवडली. आईने कळ दाबली. अक्कांचा फोन चार्जिंगला, अक्का मालिका पाहण्यात. दुसऱ्या क्रमांकाचा टेलर अकरा मिनिटांनी आला, पण किल्ली अक्कांकडे. त्यानंतर दारघंटीची दुसरी घंटा त्यांच्या दिवाणखान्यात गेली आणि टेलरला स्वतंत्र किल्ली मिळाली. माझ्या फोनला आईचा क्रमांक आवाज बंद असतानाही वाजेल अशी सोय करून घेतली. दुसरी तालीम रात्री दहाला झाली. चार मिनिटांत दोघे दारात, आणि त्या दोघांना आईने पोहे खाऊ घातल्याशिवाय सोडले नाही. भावाला न्यू जर्सीत निरोप पोहोचेपर्यंत पोहे संपत आले होते. पुढची तालीम मृग लागण्यापूर्वी, वीज गेलेली असताना घ्यायची आहे. मुख्य स्विच बंद करण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे, आणि वेळ आम्हांला सांगणार नाही म्हणते.